अकरा वर्षांची पहिली नोंद

तवोंगा म्हांगोबद्दल मी लिहावं, हे तिला आवडणार नाही. माझ्या हातचं काहीच तिला आता आवडत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. पण आमच्या या म्झुझू शहरात तिच्याबद्दल सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. नऊ जण होतो आम्ही. कुणी राजधानीला, लिलाँग्वेला गेलं, कुणी जोहान्सबर्गला, दोघं देवाघरी. उरलो मी, लॅमेक चिरोंबो. तेव्हा बरं-वाईट जे काय आहे ते मीच सांगणार. मी तोंडाळ माणूस आहे, मध्येच तोंड सुटेल, सांभाळून घ्या.

आमचं काम सांगायला सोपं. उत्तरेतल्या साठ आरोग्य केंद्रांत असे रुग्ण येतात, ज्यांना जन्मभर गोळ्या घ्यायच्या असतात. कोणाला किती गोळ्या दिल्या, परत कधी बोलवायचं, हे सांगणारा एक प्रोग्राम होता. तो आम्ही लिहिला आणि आम्हीच सांभाळायचो. सुरुवातीला परदेशी मदत होती, चहाबरोबर बिस्किटं होती. मग मदत आटत गेली, बिस्किटं गेली, माणसं गेली. शेवटची चार वर्षं बाजारामागच्या त्या लांबट खोलीत दोनच टेबलं भरलेली असायची, तिचं आणि माझं. त्यातही मी महिन्यातले वीस दिवस केंद्रांवर फिरतीला. म्हणजे ती एकटीच.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. प्रोग्राममधली एक ओळ जरी बदलली, तरी तो बदल जमा करताना सोबत एक चिठ्ठी जोडावी लागते. कमिट मेसेज म्हणतात तिला. त्या एकाखाली एक रचत जातात आणि तोच त्या प्रोग्रामचा इतिहास. काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही, म्हणून माणसं तिथे काहीबाही खरडतात. ‘दुरुस्त.’ ‘आता तरी दुरुस्त.’ ‘झालं.’ ‘झालं झालं.’ आमच्यातल्या एकाने तर नुसती तीन टिंबं दिली होती. तो मीच.

तवोंगाच्या चिठ्ठ्या मात्र बघण्यासारख्या. पहिली ओळ छोटी, हुकूम दिल्यासारखी. मग एक ओळ मोकळी. मग खाली सविस्तर: हा बदल का केला, कोणी मागितला, दुसरं काय करून पाहिलं आणि ते का जमलं नाही. रोज, प्रत्येक बदलाला, एकाच पद्धतीने. टिंब चुकलं तर पुसून पुन्हा लिहायची. सगळ्यांनी असंच लिहावं म्हणून एकदा तिने आमची बैठक घेतली, भिंतीवर कागद चिकटवला. तेरड्याचा रंग तीन दिवस! चौथ्या दिवशी आम्ही परत ‘झालं’वर आलो.

“अगं बाई, वाचतं कोण हे?” मी म्हणायचो. “यंत्राला कारण नको असतं, त्याला ओळ हवी असते.”

“यंत्रासाठी लिहीतच नाही मी. नंतर येईल त्याच्यासाठी लिहिते.”

“नंतर कोण येतंय? पगार ऐकला का तू आपला?”

“कोणीतरी येतंच, लॅमेक. आणि त्याला हे असं का केलंय ते कळायला हवं. नाहीतर तो म्हणेल, कुठल्या येडीने लिहिलंय हे.”

“ते तो तसंही म्हणेल.”

ती हसायची. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. आम्हा दक्षिणेकडच्यांना उत्तरेच्या माणसांचं हे हसणं कळत नाही. आपली टिंगल चालली आहे की कौतुक, पत्ता लागत नाही.

तिच्या चिठ्ठ्या मी मुद्दाम वाचल्या त्या चार-पाच, त्याही टिंगल करायला. एक आठवते. वर लिहिलं होतं: ‘परत यायची तारीख मोठ्या अक्षरात छाप.’ खाली: ‘एक आजी आठ दिवस उशिरा आल्या. नर्स रागावली. आजी म्हणाल्या, डोळे गेलेत माझे, पाय नाही गेलेत. तारीख दिसली असती तर चालत आले असते. त्यांचं बरोबर आहे. अक्षर दुप्पट केलं. कागद थोडा जास्त लागेल, लागू दे.’ ही मी खोलीभर नाटकी आवाजात वाचून दाखवली होती. सगळे हसले. तीही हसली, आणि खाली मान घालून कामाला लागली.

आणखी एक आठवते, चमू पांगल्यानंतरची: ‘आज इथे मी एकटीच. वीज दोनदा गेली. हा बदल नीट तपासून झालेला नाही, उद्या येणाऱ्याने तपासावा. उद्या येणारी मीच आहे.’

ही वाचून मला हसू आलं नाही. पण मी काही बोललोही नाही. बोलायला हवं होतं.

तिचा नवरा खाणीच्या कामाला जोहान्सबर्गला गेला होता. तिकडे गेलेल्या माणसाचं आपल्याकडे जे होतं तेच झालं. दोन वर्षं फोन, मग नाताळात एक निरोप, मग तोही नाही. मूल नव्हतं. चिबावी वस्तीत दोन खोल्या, रविवारी चर्च, मंगळवारी बायकांच्या गायनाचा सराव, तोही पुढे गुडघ्यामुळे सुटला. दुपारी खिडकीशी बसून घरून आणलेली कसाव्याच्या पिठाची सिमा, म्हणजे घट्ट उकड, आणि उसिपाचे वाळवलेले मासे खायची. बोलायला समोर कोणी नसायचं. मला वाटतं, दिवसभराचं तिचं जे काही बोलणं होतं, ते त्या चिठ्ठ्यांतच जात होतं. हे मला आज कळतंय. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

मग एका वर्षी मदत पुरतीच बंद झाली. तीस जूनला खोली सोडायची, प्रोग्राम सरकारी कार्यालयाच्या नव्या सर्व्हरवर न्यायचा, जुना सर्व्हर आणि आमचे लॅपटॉप परत करायचे. त्यात रुग्णांची माहिती होती, म्हणून परत करताना सगळं पुसून टाकायचं असा नियम. सरकारी कार्यालयात नोकरी एकच. ती मला मिळाली. माझ्याकडे पदवी होती, तिच्याकडे डिप्लोमा. काम तिला माझ्या चौपट येत होतं, पण अर्जात कामाचा रकाना नसतो.

तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकच गोष्ट मागितली. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, हातात कप.

“लॅमेक, नोकरी तुला मिळाली, चांगलं झालं. तुझी पोरं शाळेत आहेत. मला फक्त एक हवंय. प्रोग्राम नेताना चिठ्ठ्यांसकट ने. अख्खा इतिहास. चार हजार तीनशे बारा आहेत.”

“मोजल्यास की काय?”

“मोजायला लागत नाही, यंत्रच सांगतं. नेशील ना?”

“नेतो की. त्यात काय एवढं?”

“तसं नको. नीट सांग.”

“बाई, देवाशपथ नेतो!”

देवाशपथ म्हणालो मी. जिभेला हाड नसतं.

आता आमची एक सवय सांगायला हवी. इंटरनेट आमच्याकडे पाकिटातून विकत घ्यायचं, आणि पाकीट संपायला वेळ लागत नाही. त्यामुळे प्रोग्रामची प्रत आपल्या यंत्रावर घेताना तवोंगा सोडून आम्ही सगळेच फक्त आजची प्रत घ्यायचो. मागचा इतिहास सोडून द्यायचा. एक छोटा आकडा टाकला की यंत्र तशी सोय करतं. चिठ्ठ्या, जुन्या फायली, काही येत नाही, आणि पाकीट वाचतं. सगळ्या उत्तरेत असंच चालायचं. म्हणजे तो अख्खा इतिहास जगात दोनच ठिकाणी होता. एक, आमच्या खोलीतल्या कपाटातला सर्व्हर. दुसरा, तवोंगाचा लॅपटॉप.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, रुम्फीहून निरोप आला की तिची आई गेली. बुधवारी पहाटेच्या मिनीबसने ती गेली, कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळून, लॅपटॉप पाठीवर. जाताना दारातून पुन्हा म्हणाली, “इतिहासासकट हं.” आई गेलेली बाई, आणि तेव्हाही तिला ते आठवत होतं.

गुरुवारी मी खरंच बसलो. अडीच गिगाबाइटचा पसारा होता. चाळीस टक्के झाले, वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. साठ टक्के झाले, पाकीट संपलं. नवं घेतलं, पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी दुपारी परत वीज गेली, ती तीनला आली. साडेचारला सरकारी कार्यालयाच्या साहेबांना ‘हस्तांतर पूर्ण’ म्हणून सही द्यायची होती. तीन वेळा फोन आला त्यांचा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज नुसता प्रोग्राम नेऊ. चिठ्ठ्या सोमवारी सकाळी जुन्या सर्व्हरवरून सावकाश नेता येतील, तो मंगळवारपर्यंत इथेच आहे.

माझ्या लॅपटॉपवर आजची प्रत होती. तिच्यातून उरलासुरला इतिहास झटकला, नव्या जागी नव्याने सुरुवात केली, आणि तिथे पहिली चिठ्ठी लिहिली. सात मिनिटांत काम फत्ते. सही दिली. मग तवोंगाला निरोप धाडला. तिच्या आईला त्याच दुपारी मातीत ठेवत होते. मी लिहिलं: ‘झालं.’

एवढंच. आयुष्यभर तेच लिहीत आलो, त्या दिवशीही तेच लिहिलं.

सोमवारी ती परत आली. डोक्याला काळा रुमाल, चेहरा सुकलेला. मी सांत्वन केलं, तिने मान हलवली. लॅपटॉप न्यायला मुख्य कार्यालयाचा माणूस आला होता, घाईत होता. त्याने तिचा लॅपटॉप उघडला, पुसायचा प्रोग्राम लावला आणि विचारलं, “पुसू ना, अमायी?” बाईमाणसाला आदराने असंच म्हणतात इकडे.

तिने माझ्याकडे बघितलं. “लॅमेक, सगळं गेलंय ना?”

आता बघा. त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर काही बिघडत नव्हतं. ‘अजून नाही गं, थांब जरा,’ एवढं म्हणायचं होतं. ती रागावली असती, दोन शब्द बोलली असती. पण तिची आई गेली होती, तो माणूस घड्याळ बघत होता, आणि मी आधीच ‘झालं’ म्हणून बसलो होतो. खोटं पडायची लाज वाटली. वाटलं, कपाटात सर्व्हर आहेच, अर्ध्या तासात बसतो आणि खरं करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“गेलं,” मी म्हणालो.

“पुसा,” ती त्या माणसाला म्हणाली.

तो गेल्यावर मी कपाट उघडलं. आत धूळ, आणि सर्व्हरच्या जागी धुळीत एक चौकोन. शनिवारीच येऊन नेला होता. कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी मुख्य कार्यालयाला फोनवर फोन केले. पलीकडचा माणूस खूश होता. “पुसला की लगेच! नियमच आहे. अगदी सात वेळा पुसलाय.”

मी खोलीत परत आलो तेव्हा ती मला मिळालेल्या सरकारी यंत्रासमोर बसली होती. नवी जागा उघडून बघत होती. आनंदाने बघत असेल बिचारी, आपल्या चिठ्ठ्या नव्या घरी कशा दिसतात ते. पडद्यावर एकच ओळ होती: ‘पहिली नोंद. लॅमेक चिरोंबो.’ खाली काही नाही.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. वीज, पाकीट, साहेब, कपाट. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पान खाली सरकवायचा प्रयत्न केला. सरकवायला काही नव्हतंच.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “आणि ही पहिली नोंद?”

“तवोंगा, मी…”

“आणि तुझ्या नावावर.”

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, भांडण झालं असतं, मन मोकळं झालं असतं. ती उठली, आपला कप धुतला, पुसला, पिशवीत घातला. भिंतीवरचा तो जुना कागद अजून होता, त्याला हात लावला नाही. दारात थांबून म्हणाली, “सकाळी विचारलं होतं मी तुला.” आणि गेली. पुढच्या महिन्यात रुम्फीला आईच्या घरी राहायला गेली, एवढं कानावर आलं.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्याच त्या, प्रोग्राम तर शाबूत होता. मीही वर्षभर स्वतःला हेच सांगत होतो.

मग साठ्यावर देखरेख ठेवणाऱ्यांचा कागद आला. सरोवरकाठच्या चिकोम्बे केंद्रात दर वेळी गोळ्या जास्त जातात, चौकशी करा. मी प्रोग्राम उघडला. आत एक ओळ होती: केंद्र सदतीस असेल तर चौदा दिवसांच्या गोळ्या वाढव. का? काही नाही. प्रोग्रामच्या आत बडबड लिहायची नाही, बडबड चिठ्ठीत, असा तवोंगाचा नियम. त्या ओळीची चिठ्ठी शोधली, तर मिळाली माझीच: ‘पहिली नोंद.’ म्हटलं, असेल कोणाची तरी जुनी चूक. काढून टाकली. सोबत लिहिलं, ‘चूक दुरुस्त.’ साठ्याचे आकडे जुळले, शाबासकीचं पत्रही आलं.

तीन महिन्यांनी चिकोम्बेच्या सिस्टर एनेलेस यांचा फोन. मी आपला हसत म्हटलं, “बोला सिस्टर.”

“चिरोंबोसाहेब, एक विचारू? उसिपा कुठे राहतो, ठाऊक आहे का तुमच्या कंप्युटरला?”

“काय म्हणता?”

“मासा हो, मासा! तो काय माझ्या केंद्रासमोर रांगेत उभा राहतो का? तो फिरतो, आणि त्याच्या मागे माझे मच्छीमार फिरतात. गेले की पाच-पाच, सहा-सहा आठवडे किनाऱ्याकिनाऱ्याने मुक्काम. चार आठवड्यांच्या गोळ्या देऊन त्यांचं काय करू, सांगा! अकरा माणसांच्या गोळ्या मध्येच संपल्या. दोघं इस्पितळात पडलेत. एकाला सहा लेकरं आहेत.”

मी एका हाताने प्रोग्राम उघडला.

“पूर्वी चौदा दिवस जास्त मिळायचे,” त्या सांगत होत्या. “अमायी म्हांगो स्वतः आल्या होत्या त्यासाठी. माझ्यासोबत दिवसभर वाळूवर बसून प्रत्येक होडीवाल्याला विचारलं, किती दिवसांनी येतोस, किती दिवसांनी येतोस. मग ते चौदा दिवस ठरवले. कोणत्या शहाण्याने काढले हो ते?”

खाई त्याला खवखवे. मी म्हणालो, “बघतो सिस्टर,” आणि फोन ठेवला. ओळ त्याच मिनिटाला परत घातली. दोघंही मच्छीमार वाचले. त्यातला एक अजून नीट चालत नाही.

त्यानंतर मी अख्खा प्रोग्राम वाचून काढला. जिथे जिथे ‘हे असं का?’ असा प्रश्न पडला, ती ओळ कागदावर उतरवली. एकतीस ओळी निघाल्या. एकतीस ठिकाणी कोणीतरी काहीतरी विचार करून ठेवला होता, आणि त्याचं कारण मी सात मिनिटांत झटकून टाकलं होतं. काही काढावं तर भीती, ठेवावं तर वरून विचारणा. बैल गेला अन् झोपा केला, तसा मी आता लांबलचक चिठ्ठ्या लिहू लागलो होतो. पण त्या एकतीसांचं काय? एक माणूस होतं, त्यालाच माहीत असणार. शनिवारी कागद खिशात घातला आणि रुम्फीची मिनीबस धरली. फ्वेझीच्या फाट्यापर्यंत काय बोलायचं ते घोकत होतो.

रुम्फीच्या बाजारात टपाल कार्यालयाजवळ तिचं छोटंसं दुकान आहे. छायाप्रती, अर्ज टाइप करणं, फोनचे रिचार्ज. मी दारात उभा राहिलो तेव्हा एका म्हाताऱ्याचं पत्र टाइप करून देत होती. केस बरेच पिकले होते. मला बघितलं, पत्र पुरं केलं, म्हाताऱ्याला वाचून दाखवलं, मग म्हणाली, “बस.”

मक्याचा गोड थोब्वा दिला प्यायला, घरचा. मग मी चिकोम्बेचं सांगितलं, काही न लपवता. दोन्ही मच्छीमारांचं ऐकताना तिने डोळे मिटून घेतले.

“चालतो का तो आता?”

“काठीने.”

मी खिशातला कागद काढला. मग तिने हात पुढे केला. “दे कागद.”

चष्मा लावून वाचायला लागली, आणि काय सांगू, तिचा चेहराच पालटला. “ही! ही तर डोंगरातल्या त्या केंद्राची. तिथे नदी चढली की पूल जातो, म्हणून जानेवारीत तारखा पुढे ढकलतो आपण. लिही, लिही.” मी लिहीत होतो. “ही त्या शिक्षिकेमुळे. शाळेच्या वेळेत रांगेत उभं राहायला लाजायची. ही… हं, ही माझी चूकच होती, काढून टाक.” दोघंही हसलो. वाटलं, चला, सगळं परत मिळणार. गाढवासारखं मला तेव्हा हलकं वाटलं.

नऊ ओळी झाल्या. दहाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. एका केंद्रात बुधवारी पाच वर्षांखालच्या मुलांना यादीत सगळ्यात वर घ्यायचं, अशी ती ओळ होती.

“बुधवार,” ती म्हणाली. “बुधवारी काय असतं तिथे?”

तिने पुन्हा वाचली. ओठ हलत होते. पुढच्या ओळीवर गेली, तिथेही थांबली. त्याच्या पुढची. मग परत बुधवारवर आली.

“आठव ना गं,” मी म्हणालो. “तुला तर सगळं पाठ असणार.”

“पाठ?” तिने चष्मा काढला. “आठवत असतं तर लिहिलं कशाला असतं, लॅमेक? लिहिलं की मी मोकळी व्हायचे. डोक्यात काही ठेवायचेच नाही. तिथे आहे, कुठे जातंय, असं वाटायचं.”

तिने उरलेल्या बावीस ओळी एकेक करून वाचल्या. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. कारण हवं होतं तिला, माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. एकही आठवलं नाही. बाहेर कोणीतरी रिचार्ज मागत होतं, तिने लक्ष दिलं नाही.

“माफ कर,” मी म्हणालो. हे शब्द मी दोन वर्षं तोंडात धरून बसलो होतो.

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. कागदावर तळहात ठेवून ती बसली होती, रस्त्याकडे बघत. मग वळून मला विचारलं, आणि टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं:

“मी तिथे अकरा वर्षं काय करत होते रे?”

मी तिच्या समोरच्या टेबलाशी बसायचो. मला सांगता आलं नाही.